तुंबलेली मोरी आणि लख्ख भांडी

९ नोव्हेंबर, रविवार

वर्ष संपत आलं असताना डायरी सुरू करणारी अख्ख्या सेलूत मी एकटीच असेन. ही डायरी आमच्या खताबियाण्याच्या दुकानात जानेवारीत आली आणि तेव्हापासून गल्ल्याखाली पडून होती. प्रत्येक पानाखाली शेतकऱ्यासाठी एक सल्ला छापलाय. आजचा सल्ला, हरभऱ्याची पेरणी उरकून घ्या. उरकली म्हणावं.

लिहायचं कारण असं की आज मन भरून आलंय. आबांना राणीसावरगावहून घरी आणलं. आबा म्हणजे माझे सासरे, आश्रुबा. सासूबाई गेल्यापासून ते गावात एकटेच राहत होते. मागच्या आठवड्यात गोठ्यात पाय घसरला आणि दिवसभर तसेच पडून राहिले. संध्याकाळी शेजारीण दुधाला आली तेव्हा कुठे कळलं. हाड मोडलं नाही ही देवाची कृपा. पण पुढच्या वेळी शेजारीण आलीच नाही तर? महारुद्र (म्हणजे आमचे हे. डायरीत नाव लिहिलं तर कोण रागावतंय!) म्हणाले, आता बास. म्हैस भावकीत दिली, घराला कुलूप लावलं आणि निघालो.

गाडीत आबा सगळ्या वाटेत एकदाच बोलले. "दत्तजयंतीपर्यंत बघतो. करमलं तर ठीक, न्हाईतर मी आपला माघारी जाईन."

जाऊ देणार नाही. लग्नानंतर मला जिनिंगच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा सगळी भावकी नको म्हणत होती. आबा ओट्यावरून नुसतं म्हणाले, "तिला जाऊ द्या." त्या शब्दावर मी इतकी वर्षं कापसाच्या वजनाच्या पावत्या फाडतेय. त्यांचे उपकार फेडायची संधी आता मिळालीय. राजनंदिनी परभणीला हॉस्टेलवर असते, तिची खोली त्यांना दिली. या घरात त्यांना काडीसुद्धा उचलू द्यायची नाही, हे मी आजच ठरवून टाकलंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी बघते तर आबा अंगण झाडतायत. धावत जाऊन खराटा ओढून घेतला.

"कामून हिसकायलीस बाई? दोन हात मारले तर झिजत न्हाई मी."

"आबा, गल्ली बघतीय. तुम्ही बसा बरं आत."

"गल्लीला काय दुसरं काम न्हाई का?"

नाहीच आहे, हे त्यांना कोण सांगणार. पलीकडच्या गल्लीतल्या एका सुनेचे सासरे दोरीवर कपडे वाळत घालताना दिसले, तर बायकांनी तिचं नाव 'मॅडम' पाडलं. ती बिचारी अजून मॅडमच आहे. म्हाताऱ्या सासऱ्याकडून कामं करून घेते, हा शिक्का एकदा बसला की धुऊन निघत नाही.

दुपारी त्यांनी भाजी निवडायला घेतली होती म्हणे, ती यांनी काढून घेतली. संध्याकाळी आबांनी विचारलं, "मग मी करू काय?" मी म्हटलं, "आराम करा. आयुष्यभर राबलात." हात मांडीवर ठेवून बसून राहिले. भाकरी अर्धीच खाल्ली. हवापालट झाला की भूक मंदावते, होईल हळूहळू.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज सगुणाबाईंबद्दल लिहायचं आहे. आमच्याकडे भांड्याला आणि झाडायला येतात. रात्रीची भांडी मी मागच्या मोरीत रचून ठेवते आणि त्या सकाळी मी कामावर जायच्या वेळेला येऊन घासतात. दोन-तीन दिवसांपासून बघतेय, मी उठून मागचं दार उघडते तेव्हा भांडी घासून पालथी घातलेली असतात. आणि घासलीत कशी! तांब्याचा हंडा माझ्या लग्नात आला तेव्हा असा दिसत होता. कढईचं बूड मी पहिल्यांदाच पाहिलं.

माझा अंदाज असा की त्यांनी दुसरं काम धरलं असणार. आमची भांडी उजाडायच्या आत उरकून तिकडे जातात आणि मग आमच्याकडे झाडायला परत येतात. मागचं फाटक उघडंच असतं. थंडीत एवढ्या लवकर पाण्यात हात घालायचा म्हणजे काय! मला भरून आलं. आज त्यांना वाटीभर शेंगदाण्याची चटणी आणि एक ब्लाउजपीस दिला.

"ह्ये कामून वो ताई?" एकदम ओशाळल्या.

"तुम्ही माझ्यासाठी एवढं करता म्हणून."

"मी काय केलं न्हाई वो." आणि आबांच्या खोलीकडे बघत पदर तोंडाला लावला. विनय असावा तर असा.

आबा आता रुळायला लागलेत. आंघोळीला त्यांना बंबाचंच पाणी लागतं, म्हणून यांनी माळ्यावरचा बंब काढून मागे लावून दिला. तेवढं पेटवायचं काम ते करतात, ते मी चालवून घेतलं. भाकरी आता पूर्ण खातात. देवा, तुझे उपकार.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मोरीतलं पाणी हळू जायला लागलंय. एक बादली ओतली की बराच वेळ तळं साचून राहतं. कढत पाण्यात सोडा घालून ओतलं. तेवढ्यापुरतं गुडगुड करून गेलं.

आबांचे हात फार फुटलेत. बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात. थंडी सोसत नसणार त्यांना. रात्री झोपताना लावायला व्हॅसलीन दिलं. जेवण झाल्यावर ते सहज म्हणाले, "कढईत थोडं पाणी घालून ठिव बाई, पिठलं वाळलं की लय चिवट होतंय." बघा, या वयातही त्यांना सगुणाबाईंच्या कष्टाची काळजी. असा सासरा कुणाला मिळतो?

२३ नोव्हेंबर, रविवार

मोरी पुन्हा तुंबली. आज रविवार, म्हणून तपासाला लागले.

पहिला संशय माझ्यावरच. न्हाणीघरात माझे केस जातात. जाळी काढून बघितली, थोडेसे होते, पण तिथलं पाणी तर झरझर जातंय. दुसरा संशय शेजारच्या धम्मशीलाताईंवर. त्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहेत. त्यांच्या आणि आमच्या घराचं सांडपाणी बोळातल्या एकाच चेंबरमध्ये पडतं. मला वाटलं, त्यांच्याकडूनच काहीतरी येऊन अडकत असणार. मनातल्या मनात मी त्यांना बरंच बोलून घेतलं. तेवढ्यात त्या स्वतःच मधल्या भिंतीवरून डोकावल्या. "वहिनी, मोरी तुंबली ना? भांडी घेऊन या आमच्याकडं, संकोच करू नका." मी खजील झाले. दुपारची भांडी त्यांच्याच मोरीत घासली.

घासता घासता त्या म्हणाल्या, "तुमचे आबा लय लवकर उठतेत. मी ड्यूटीवरून येते तेव्हा बंब पेटलेला असतो आणि मागं खडखड चालू असते."

"ती खडखड सगुणाबाईंची," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होत्या, पण गेल्या विसळायला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज चंपाषष्ठी. चार महिन्यांनी वांगं खायचं म्हणून घर उत्साहात. आबांनी बंबाच्या निखाऱ्यावर वांगी भाजली, तेवढं मी करू दिलं, कारण खंडोबाचं काम. भरीत, रोडगे, खोबऱ्याची वाटी, भंडारा. यांनी तळी उचलली, आबांचा "येळकोट येळकोट" सगळ्या गल्लीत ऐकू गेला. इतक्या दिवसांत त्यांना असं मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. दुकानातली दोन माणसंही जेवायला होती.

आणि मग भांडी. भरताचं तेल, तूप, वाळलेलं पीठ. मी दोन परातीच विसळल्या असतील, मोरी काठोकाठ भरली आणि पाणी उंबऱ्यावरून स्वयंपाकघरात. भंडारा मिसळलेलं पिवळं घाण पाणी देवघरापर्यंत. मी आणि हे पोती टाकून अडवतोय, आणि आबा दारात उभे. चेहरा उतरलेला. पाय घसरेल म्हणून मी त्यांना आत पाठवलं. ते जाईनात. मोरीकडेच बघत राहिले.

झोपायला जाताना म्हणाले, "दत्तजयंती जवळच आली की." घाणीला कंटाळले असणार. मोरी रविवारपर्यंत दुरुस्त झालीच पाहिजे. नाहीतर माझे आबा मोरीपायी जातील.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सिद्धोधन प्लंबर येऊन गेला. लांब स्प्रिंग घालून बघितली. थोडी गेली आणि अडकली. "ताई, लाईन चोक हाय. कुठं ते सांगता येईना. फरशी फोडावी लागंल, मोरीपासून बोळापर्यंत." मी म्हटलं रविवारपर्यंत थांब. फरशी फोडायची म्हणजे घरात पंधरा दिवस धूळ. आबांना खोकला होईल आणि ते चालते होतील.



३० नोव्हेंबर, रविवार

सापडलं. पण सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

सकाळी पांढऱ्या कपड्यांना नीळ देत होते, तेव्हा सुचलं. पाण्याला रंग दिला तर ते कुठपर्यंत पोचतं ते दिसेल. सिद्धोधन आलाच होता. यांना बोळातल्या चेंबरवर उभं केलं. न्हाणीघरात निळीची बादली ओतली. "आलं!" हे ओरडले. सिंकमध्ये ओतली. "आलं!" म्हणजे धम्मशीलाताई निर्दोष आणि मोठी लाईनही चांगली. मग मोरीत ओतली. आम्ही थांबलो. हे चेंबरमध्ये डोकं घालून बसलेले. निळं पाणी मोरीतच तरंगत राहिलं.

सिद्धोधन हसला. "मग फरशी कशाला फोडायची? मोरीखालच्या पायपाच्या बेंडातच बसलंय काहीतरी." त्यानं बाहेरच्या बाजूनं बेंड कापला. मला कोण आनंद झाला होता! पुढचं कळलं असतं तर तिथेच थांबवलं असतं.

बेंडातून त्यानं जे काढलं ते दगडासारखं घट्ट, करडं. फोडलं तर आत काथ्याचे धागे आणि तेलकट राख. नुसती राख. "बंबाची दिसायली," सिद्धोधन म्हणाला. "रोज थोडी थोडी जाऊन बसली. तेल लागलं की शिमेंट होतंय तिचं."

सगुणाबाई तेव्हा अंगण झाडत होत्या. मी तिथूनच सुरू झाले. "सगुणाबाई, पावडर दिलेली असताना राख कशाला? काथ्या कशाला? चार दिवस झाले घरात घाण पाणी फिरतंय. विचारायचं तरी एकदा!" भिंतीपलीकडे धम्मशीलाताई उभ्या. सगुणाबाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. एक शब्द उलट बोलल्या नाहीत, त्यामुळे मी आणखीच बोलले.

मागून आबांचा आवाज आला. "तिला बोलू नको. राख माझी हाय. भांडी मी घासतो."

सिद्धोधनच्या हातात तो गोळा तसाच.

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "आबा, असं काय बोलता लोकांसमोर!"

"म्हणून तर अंधारात घासत व्हतो," आबा म्हणाले. "तुला कुणी नावं ठिवू नये म्हणून."

ते वळले आणि खोलीत गेले. त्या हाताच्या भेगा. पिठल्याची कढई. लख्ख हंडा. मी दुसरीलाच चटणी आणि ब्लाउजपीस देत बसले होते.

सगुणाबाई म्हणाल्या, "ताई, त्यांनी मला आण घातली व्हती. म्हनले, सुनेला कळलं तर ह्येबी काढून घील." आणि ब्लाउजपीस परत द्यायला निघाल्या. मी त्यांचे हात धरले आणि माफी मागितली. सगळ्यांसमोर झापलं होतं, माफीही सगळ्यांसमोर मागितली.

संध्याकाळी आबांच्या खोलीत गेले. ते पिशवी भरत होते.

"बसून खाल्लं की घास उतरत न्हाई बाई. सकाळी तेवढी भांडी घासली की भाकर गोड लागायची. पर आता तुमचं घरच तुंबवलं मी. उद्या दुपारच्या गाडीनं जायलो."

"आबा, तिकडं एकटे पडलात तर?"

"पडलो तर पडलो. आपल्या घरात पडंन."

यांनी खूप विनवलं. मीही विनवलं. "तुम्हाला इथं काही कमी पडू देणार नाही," असं यांनी म्हटलं तेव्हा आबा फक्त हसले. त्या हसण्यानं माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण काय ते अजून नीट धरता येत नाही.

१ डिसेंबर, सोमवार (ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत)

डबा उघडलेला नाही. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आहे आणि माझं लक्ष फोनकडे. यांचा फोन आला नाही. मी केला नाही, भीती वाटते.

सकाळी आबांची पिशवी दाराशी होती. हे त्यांना दुपारी स्टेशनवर सोडणार होते. रात्रीची भांडी मोरीत तशीच. मोरी आता वाहती झालीय, पण कुणी हात लावला नव्हता. पहाटे मागे खडखड नाही. त्या शांततेनं मला जाग आली, आणि काल जे धरता येत नव्हतं ते तेव्हा कळलं. आम्ही माणसाला जपलं आणि त्याचे हात बांधून टाकले. मी उपकार फेडायला निघाले होते. त्यांना माझे उपकार नको होते, त्यांना माझ्या उपयोगी पडायचं होतं.

विनवण्या कालच संपल्या होत्या. मी पर्स घेतली, चपला घातल्या, ओट्यावर आले. दूधवाला समोर माप ओतत होता, धम्मशीलाताई गाडी पुसत होत्या, कोपऱ्यावर चार बायका उभ्या होत्या. मी दाराकडे तोंड करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले,

"आबा, रात्रीची भांडी राहिलीत. तेवढी घासून ठेवा, मला उशीर झालाय! आणि राख मोरीत नका टाकू!"

दूधवाल्याचं माप हातात राहिलं. बायकांचं बोलणं थांबलं. मी मागे न बघता निघाले. वळणावर आल्यावर मात्र भिंतीला टेकून उभी राहिले.

आता विचार करतेय, मी हे काय केलं? सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, ज्यानं मला नोकरी करू दिली, त्याला मी चारचौघांत भांडी घासायला सांगितलं. अपमान समजले तर? गाडीची वेळ होऊन गेली. गेलेही असतील.

तोच दिवस, संध्याकाळ

गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हाच दिसलं. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, हंडा, कढई, पराती, तवे, सगळी भांडी उतरत्या उन्हात पालथी. एवढी भांडी आमच्या घरात आहेत हे मलाच माहीत नव्हतं. माळ्यावरचीही काढली होती.

कोपऱ्यावरच्या बायका होत्याच. एक म्हणाली, "काय वो मॅडम, सासऱ्याला कामाला लावलं?" म्हणजे मीही मॅडम झाले. "हो," मी म्हटलं, "त्यांच्यासारखं कुणाला जमत नाही." आणि मला खरंच अभिमान वाटला.

हे दारात उभे, हसत. दुपारी न्यायला आले तेव्हा आबा म्हणाले म्हणे, "थांब, माझे हात रिकामे न्हाईत." नंतर पुन्हा विचारलं तर म्हणाले, "गाडी रोज असती."

मी मागे गेले. आबांनी नळाखाली एक सपाट फरशी टाकली होती. तिच्यापासून भिंतीकडे विटांचे तुकडे लावून पाट काढला होता, राखेचं पाणी मोरीत न जाता मातीत जावं म्हणून. पाटाच्या टोकाला आळं, आणि आळ्यात वीतभर लिंबाचं रोप. बाजारात चालत जाऊन आणलं होतं. ते आणायला पिशवी हवी म्हणून गावी न्यायची पिशवी रिकामी करून धोतरं खुंटीला लावली होती.

आबा गुडघ्यावर बसून आळ्याची माती दाबत होते. हात कोपरापर्यंत काळे. मला बघून म्हणाले, "आलीस का? त्या सगुणाला सांग, तव्याची कड तिला जमत न्हाई. तवा माझ्याकडं ठिवायचा."

"बरं," मी म्हटलं. आणि विचारलं, "लिंबं कधी लागतील?"

त्यांनी रोपाकडे बघून हिशोब केला. "चार वर्सं तरी धर. तवर पाण्याचा खाडा करून जमायचं न्हाई मला."

मी त्यांच्या शेजारी मातीतच बसले, ऑफिसच्या साडीत, आणि रडले. आबांनी तांब्या माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "त्या बाजूनं घाल, हळू."